काल्पनिक जेट बनवायचंय (१/४८), इंजिन कुठे बसवू?

अर्धवट_किट
नमस्कार मंडळी. माझ्याकडे याक-३ या रशियन लढाऊ विमानाचं १/४८ स्केलचं मॉडेल किट कधीचं पडून आहे. पंखा आणि नाकाचं पुढचं झाकण हरवलंय, त्यामुळे ते आहे तसं बांधण्यात आता मजा नाही. शिवाय एमई २६२ या जर्मन जेटच्या एका किटमधलं इंजिनाचं नॅसेल, म्हणजे बाहेरचं कवच, शिल्लक आहे (त्याचा पंख माझ्याच पायाखाली आला, तो विषय नको). या दोघांतून एक कधीच न उडालेलं जेट लढाऊ विमान काढावं असं डोक्यात आहे. साल १९४६ धरा, देश नकाशावर नसलेला.

पहिला विचार साधा होता. नाकाला भोक, शेपटीला भोक, झालं जेट. बायकोने बघितलं आणि विचारलं, "मग वैमानिक कुठे बसतो?" तेव्हापासून अडलोय. इंजिन कुठे बसवू? आणि पुढे चाक देऊ की शेपटीखालीच राहू दे?

जुना_स्प्रू
वहिनींनी बरोबर जागी बोट ठेवलं. मिग-१५ मध्ये नाकातून आलेली हवा कॉकपिटच्या दोन्ही बाजूंनी फुटून मागे जाते, पण त्याचं धड मुळातच त्या हिशोबाने जाड काढलेलं आहे. याक-३ च्या सडपातळ धडात ते जमायचं नाही.

शिवाय सुरुवातीच्या इंजिनांत जोर बेताचाच. लांब नळीतून हवा खेळवली की त्यातलाही थोडा वाया जायचा. म्हणून नळी आखूड ठेवायच्या नाना युक्त्या निघाल्या. ब्रिटिश व्हॅम्पायरला दोन दांड्यांवरची शेपटी आहे ती त्यासाठीच, इंजिनाच्या मागे लगेच मोकळं आकाश. जर्मन हाइन्केल १६२ ने इंजिन सरळ पाठीवर घेतलं.

आता वाईट बातमी. याक-३ आणि यूमो ००४ (तुझ्या नॅसेलमधलं जेट इंजिन) ही जोडी काल्पनिक नाही. रशियनांनी नेमकं हेच केलं, त्याचं नाव याक-१५. २४ एप्रिल १९४६ ला उडालं. इंजिन नाकात, धूर कॉकपिटच्या खालून बाहेर, पोटाला पोलादी पत्रा आणि शेपटीचं चाक अख्खं धातूचं, कारण रबर टिकलं नसतं. नाकात बसवलंस तर जाणकार म्हणतील, "छान याक-१५ केलंयस."

पॉलिशपेपर_१०००
म्हणू देत की! पहिलंच किटबॅशिंग (किटं जोडून नवं मॉडेल) आहे ना? नाकात बसव, सरळ काम आहे. पाठीवर नॅसेल चढवलं की जोडाचा वळणदार भाग पुट्टीने भरायचा आणि घासत बसायचं. मी एकदा केलंय, आठवडाभर बोटांचे ठसे गायब होते.

मुळात हे इंजिन बारीक आहे म्हणून पर्याय तरी आहेत. यूमोचा व्यास साधारण ८० सेंमी, म्हणजे १/४८ ला जेमतेम १७ मिमी. व्हॅम्पायरचं गॉब्लिन इंजिन सव्वा मीटरच्या वर, म्हणजे २६ मिमी. ते या धडाच्या आत काय, शेजारीही शोभलं नसतं.

जुना_स्प्रू
घासणं होईल, मान्य. पण पाठीवर बसवण्यात गोष्ट आहे. असल्या मॉडेलमध्ये एक बदल केला की त्याचे परिणामही दाखवायचे, मग बघणाऱ्याला ते खरं वाटतं. इंजिन पाठीवर गेलं की झोत उभ्या शेपटीवर आदळणार. म्हणून हाइन्केल १६२ सारख्या आडव्या शेपटीच्या दोन टोकांना दोन उभ्या शेपट्या हव्यात. नाकातलं जड पिस्टन इंजिन गेलं आणि वजन मागे आलं, म्हणजे तोल बिघडला. तो सावरायला पंख मागे ओढायचे. एमई २६२ चे पंख तिरके झाले ते वेगासाठी नव्हे. इंजिनं अपेक्षेपेक्षा जड निघाली आणि गुरुत्वमध्य सावरायला पंख १८.५ अंश मागे गेले.

तू १० अंश घे, पुरे. चाकांच्या खाचांच्या बाहेर पंख काप आणि पुढच्या कडेला रुंद, मागे शून्य अशी स्टायरीनची (प्लास्टिकच्या पत्र्याची) पाचर घाल. पंखाची रुंदी तिथे ३३ मिमी भरली तर पुढे पाचर साधारण ६ मिमी येईल. आत पितळी तार घातल्याशिवाय चिकटवू नकोस, लटकेल.

निळा_प्रायमर
चाकाबद्दल. १९४६ ला दोन्ही चालतं. एमई २६२ च्या सुरुवातीच्या नमुन्यांनाही शेपटीखाली चाक होतं. शेपूट खाली असताना एलेव्हेटरवर (शेपटीच्या आडव्या हलत्या फळीवर) पुरेशी हवा येईना, म्हणून वैमानिकाला धावपट्टीवर भर वेगात ब्रेकला हलकासा धक्का देऊन शेपूट उचलावी लागे! पण पाठीवर इंजिन घेणार असशील तर पुढेच चाक दे.

आणि मग नाकात वजन लागेलच, नाहीतर शेपटीवर बसेल. शिशाचे छर्रे घालशील तर पांढऱ्या गोंदात घालू नकोस. मी घातले होते. दीड-दोन वर्षांनी कपाट उघडलं तर नाक जोडावर उभं फाटलेलं आणि फटीतून पांढरी भुकटी. गोंदातल्या आम्लाने शिसं फुगतं. इपॉक्सी वापर.

अर्धवट_किट
बाप रे. इपॉक्सी, लिहून ठेवलं. काल रात्री मास्किंग टेपने नॅसेल पाठीवर नुसतं धरून बघितलं. वाटलं होतं विचित्र दिसेल, पण आवडलं, आणि मधली उभी शेपटी कापायची होती ती कापूनच टाकली. दोन शेपट्या एका जुन्या बॉम्बरच्या किटमधल्या घेतल्यात, पण ते १/७२ चं आहे. चालेल?

जुना_स्प्रू
धावेल. स्केल डोळ्याला कळतं ते कॉकपिटवरून आणि चाकांवरून. वैमानिकाची खुर्ची आणि टायर १/४८ चेच ठेव, बाकी काल्पनिक विमानाच्या शेपटीचं माप कोण काढणार? फक्त त्यावरच्या पॅनेलच्या रेघा भरून नव्याने ओढ, त्या बारीक दिसतील.

पॉलिशपेपर_१०००
ठीक आहे, हरलो. रंगाचं मी सांगतो. सगळं एकसारखं चंदेरी केलंस तर खेळणं दिसेल. आधी काळा ग्लॉस, वाळल्यावर त्यात एक केस जरी दिसला तरी पुन्हा घासायचं, मग अॅल्युमिनियम. नॅसेलची झाकणं मात्र मुद्दाम वेगळ्या छटांची कर. यूमो १० ते २५ तास चाललं की काढावं लागे, मग एका विमानाची झाकणं दुसऱ्याला बसलेली असणं अगदी साहजिक. मागचा भाग चकचकीत नको. निकेलच्या टंचाईमुळे गरम भागांतही साधं पोलाद अॅल्युमिनियमचा लेप देऊन वापरत, तेव्हा थोडा गंजट तपकिरी हात दे. मागे तो हलणारा सुळका आहे ना, जर्मन त्याला 'कांदा'च म्हणत, तो सगळ्यात मळका.

चिन्हं कुठल्याच खऱ्या देशाची नकोत. वर्तुळाचे मास्क कापून स्वतः रंगव. बारीक सूचनांच्या उरलेल्या डिकॅल (पाण्याने चिकटणारे छापील स्टिकर) खुशाल लाव, पण आधी ग्लॉसचा थर, नाहीतर खाली हवा राहून चंदेरी डाग पडतात.

निळा_प्रायमर
एक राहिलं. यूमोच्या हवा घेणाऱ्या तोंडातल्या पुढच्या सुळक्याच्या आत रीडेलचं छोटं टू-स्ट्रोक इंजिन असे, मोठ्याला चालू करायला. ते हातानेही दोरी ओढून चालू करता येई. त्या दोरीची कडी सुळक्याच्या टोकाला दिसते. तांब्याच्या तारेचा एक तुकडा, सुईभोवती एक वळसा, झाली कडी.

अर्धवट_किट
चार कड्या केल्या. दोन चिमट्यातून उडाल्या, एक सुपरग्लूने बोटालाच चिकटली, चौथी बसली. पण नॅसेल आता पाठीवर आहे आणि कडी जमिनीपासून उंच. बायको विचारतेय, "ओढायला चढतात कशावर?" शिडी १/४८ ला कशी करतात, कोणी सांगेल का?

जुना_स्प्रू
स्प्रू (किटचे भाग जोडलेली प्लास्टिकची काडी) मेणबत्तीवर धरून ताणायचा. पायऱ्या अडीच सेंमी जाड धर, म्हणजे अर्धा मिमी. आणि वहिनींना एक आयडी काढून द्या.