दंडाचे हाड मोडले आहे आणि मनगट उचलता येत नाही: प्लेट बसवावी की ब्रेस लावावा?

प्रश्न

माझी आई ५८ वर्षांची आहे. आठ दिवसांपूर्वी ओल्या जिन्यावरून पाय घसरून ती उजव्या अंगावर पडली. एक्स-रेमध्ये दंडाचे हाड साधारण मधोमध तिरके मोडलेले दिसते. बाहेरून जखम नाही. दवाखान्यात सूज वाढण्याआधी साबण लावून तिच्या हातातल्या पाटल्या काढत असताना लक्षात आले की पंजा नुसता लोंबतो आहे. तिला मनगट वर उचलता येत नाही, बोटे मुळापासून सरळ करता येत नाहीत आणि अंगठ्याच्या मागची त्वचा बधिर आहे.

ज्यांनी प्लास्टर घातले, त्या डॉक्टरांच्या मते लगेच शस्त्रक्रिया करून प्लेट (हाडावर बसवायची धातूची पट्टी) बसवावी आणि त्याच वेळी हाताची नसही (मज्जातंतू) पाहून घ्यावी. दुसऱ्या डॉक्टरांनी ब्रेस (दंडाभोवती बाहेरून पट्ट्यांनी आवळायचे कवच) लावून थांबायला सांगितले. आईला मधुमेह आहे, पण साखर आटोक्यात आहे. घरातली वडीलधारी मंडळी हाडवैद्याकडे नेण्याचा आग्रह धरत आहेत. थांबण्यात तिचा हात कायमचा अधू होईल का, याची मला फार भीती वाटते.

उत्तर १ (अस्थिशल्यचिकित्सक)

मी एक्स-रे पाहिलेला नाही, त्यामुळे अंतिम निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच राहील. तरीही तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे: मनगट लोंबत असल्याचे प्लास्टर घालण्यापूर्वीच लक्षात आले होते. मनगट आणि बोटे उचलणाऱ्या स्नायूंना चालवणारी रेडियल नस दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून, हाडाच्या अगदी लगत खाली उतरते, आणि म्हणूनच हे हाड मधोमध मोडते तेव्हा सुमारे १२ टक्के रुग्णांत ती दुखावते. त्वचा न फाटलेल्या मोडीत ही नस बहुधा तुटलेली नसते, ताणलेली किंवा चेपलेली असते, आणि दहापैकी सुमारे सात जणांत ती शस्त्रक्रियेशिवाय पूर्ववत होते. हाड बसवताना किंवा प्लास्टर घातल्यावर मनगट पडले असते, तर मी तातडीने पुन्हा विचार करायला सांगितले असते.

आता हाडाबद्दल. अस्थिशल्यचिकित्सक सार्मियेंतो यांनी १९७७ मध्ये मांडलेली ब्रेसची पद्धत आजही उपयोगी आहे, कारण घट्ट बसवलेले कवच भोवतालच्या स्नायूंना दाबून तुकड्यांना आधार देते आणि लोंबत्या हाताचे वजन हाड सरळ ओढून धरते. हाड थोडे वाकडे जुळले तरी खांदा मोकळा असल्याने दैनंदिन कामात ते सहसा जाणवत नाही. फिनलंडमध्ये ८२ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षअखेरीस प्लेट बसवलेल्यांच्या आणि ब्रेस लावलेल्यांच्या हाताच्या कामात लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र त्याच चाचणीत ब्रेसच्या गटातल्या सुमारे ३० टक्के रुग्णांना पुढे शस्त्रक्रिया करावी लागली, आणि ही बाजू रुग्णाला आधीच सांगितली पाहिजे. सहा आठवड्यांनी तपासताना मोडलेली जागा अजून हलत असेल, तर उगाच आणखी महिने घालवू नयेत.

प्लेटचा सल्ला चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. हाडाचे तुकडे फार दूर गेले असतील, ब्रेसमध्ये ते एका रेषेत राहत नसतील किंवा दुसरीकडेही मोड असेल, तर तोच योग्य मार्ग ठरतो. परंतु केवळ नस दुखावली आहे एवढ्या कारणासाठी मी घाई करणार नाही, कारण शस्त्रक्रियेत त्याच नसेला इजा होण्याचा आणि मधुमेहात जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. हाडवैद्याकडे मात्र कृपया नेऊ नका. टोकदार तुकड्यांवर मालीश केल्याने जेमतेम तग धरून असलेली नस तुटू शकते.

उत्तर २

दोन वर्षांपूर्वी माझे डाव्या दंडाचे हाड मोडले होते आणि मी ब्रेसने बरा झालो. पहिले तीन आठवडे कठीण जातात, हे आईंना आधीच सांगून ठेवा. कूस बदलताना आतून हाड हलल्याचे स्पष्ट जाणवायचे आणि घाबरून झोप उडायची. मी महिनाभर पाठीला उशा लावून अर्धवट बसूनच झोपलो. सूज उतरली की ब्रेस सैल होतो, त्यामुळे माझी पत्नी रोज सकाळी त्याचे पट्टे आवळत असे. आत सुती कापड घातले नाही तर काखेत घामाने कातडी सोलवटते. मला एक चूक महागात पडली: खुर्चीच्या हातावर कोपर टेकवून बसण्याची सवय लागली आणि पुढच्या एक्स-रेत हाड बाहेरच्या बाजूला बाक धरत असल्याचे दिसले. कोपर खाली मोकळे सोडल्यावर तो बाक आणखी वाढला नाही. अकराव्या आठवड्यात ब्रेस निघाला.

उत्तर ३ (फिजिओथेरपिस्ट)

नस परत येईपर्यंत सांधे आखडू न देणे, हे काम आजपासूनच सुरू झाले पाहिजे. मनगटाला वर उचलून धरणारा स्प्लिंट (कडक आधारपट्टी) लगेच करून घ्या. तो लावल्यावर आईंना हातात कप धरायला सांगून पाहा; मनगट लोंबत असताना जी मूठ पोकळ वाटत होती, ती बरीच घट्ट होईल, आणि त्यामुळे रुग्णाला जो धीर येतो तो मी अनेकदा पाहिला आहे. दिवसातून पाच-सहा वेळा दुसऱ्या हाताने मनगट आणि बोटे पूर्ण सरळ करून घ्यावीत. खांद्याचे झुलते व्यायाम डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच सुरू करावेत. बधिर त्वचेला चटका कळत नाही, म्हणून स्वयंपाकघरात विशेष जपा.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. आज तिसऱ्या डॉक्टरांनीही तुकडे बऱ्यापैकी एका रेषेत असल्याचे सांगितले, म्हणून परवा ब्रेस लावायचे ठरवले आहे. नस सुधारते आहे हे घरी कसे ओळखावे आणि किती दिवस वाट पाहावी?

उत्तर १ (अस्थिशल्यचिकित्सक)

नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, त्यामुळे सुधारणा वरून खाली येते: आधी मनगट किंचित उचलले जाते, मग बोटे, आणि अंगठा बहुधा सर्वांत शेवटी. दर रविवारी पुढचा हात टेबलावर ठेवून, पंजा कडेबाहेर मोकळा सोडून आईंना मनगट उचलायला सांगा आणि तारखेसह मोबाइलवर चित्रण ठेवा. रोज पाहणाऱ्याला जो फरक दिसत नाही, तो अशा नोंदीत दिसतो. सुमारे सहा आठवड्यांत काहीच हालचाल नसेल, तर नस आणि स्नायूंची विद्युत तपासणी करून घ्यावी. तीन-चार महिन्यांनंतरही चिन्ह नसेल, तर नस उघडून पाहण्याचा निर्णय घ्यावा लागतो. पहिले तीन आठवडे दर आठवड्याला एक्स-रे काढा आणि प्रत्येक वेळी जुने एक्स-रे सोबत न्या.