मदत हवी आहे: पायथॉनमध्ये डिक्शनरीच्या आतल्या डिक्शनऱ्या कशा जोडायच्या?

नमस्कार मंडळी,
मुंबईच्या लोकल स्टेशनांची माहिती दोन जेसन (JSON, डेटा साठवायचा मजकुरी प्रकार) फायलींत आहे, एक पश्चिम रेल्वेची, एक मध्यची. वाचल्यावर प्रत्येकीची डिक्शनरी (नाव आणि त्याची माहिती अशा जोड्यांचा संच) होते. दोन्हींत 'दादर' ही की (key, म्हणजे नोंदीचं नाव) आहे, तिच्या आत 'सुविधा', 'पूल' वगैरे. जोडायला डिक्शनरीचं अपडेट (update) वापरलं की दुसऱ्या फायलीतलं दादर पहिलं अख्खं पुसून टाकतं. पश्चिमेकडचे सरकते जिने गायब! पायथॉन ३.९ पासून आलेली उभी रेघही (|, डिक्शनऱ्या जोडायचं चिन्ह) वरच्याच पातळीवर जोडते.

रिकर्सिव्ह (स्वतःलाच पुन्हा बोलावणारं) फंक्शन लिहिलंय, डिक्शनरीपर्यंत ते नीट चालतं. अडलंय लिस्टपाशी (क्रमवार यादी), म्हणजे 'पूल'च्या आतल्या नावांपाशी. काही पूल दोन्हींकडे सामायिक आहेत. लिस्ट नुसत्या जोडल्या तर नावं दुबार येतात, सेट (दुबार काही न ठेवणारा संच) केला तर क्रम जातो, आणि प्रवाशाला तो क्रमच हवा असतो. शिवाय मूळ डेटा जसाच्या तसा राहायला हवा. डीपकॉपी (आतल्या सगळ्यासकट वेगळी प्रत) सुरुवातीला एकदाच घ्यावी की प्रत्येक पातळीवर? जाणकारांनी कृपया सांगा.