मदत हवी आहे : ‘रोझॅन’ जिरॅनियमच्या काड्यांना मुळे का फुटत नाहीत?

नमस्कार. मी इंग्लंडमध्ये यॉर्कशायरमध्ये राहते. घरामागे छोटीशी बाग आहे, तिची माती चिकण असून हिवाळाभर ओल धरून राहते. तीन वर्षांपूर्वी ‘रोझॅन’ या जांभळट निळ्या फुलांच्या जिरॅनियमची दोन रोपे आणून मोठ्या कुंड्यांत लावली. जूनपासून थेट ऑक्टोबरपर्यंत ती फुलत राहतात, त्यामुळे मैत्रिणींकडून रोपांची मागणी सतत होत असते.

साताऱ्याला माझी आई जिरॅनियमची काडी मोडून कुंडीत नुसती खोचते आणि ती हमखास लागते. त्याच भरवशावर मी गेल्या जुलैत लांब फांद्यांच्या बारा काड्या पेराखाली कापल्या, दुपारभर सावलीत सुकवल्या आणि वाळूमिश्रित मातीत लावल्या. तीन आठवड्यांत सगळ्या कुजल्या. बी धरावे म्हणून वाट पाहिली, तर एकही शेंग भरली नाही. त्यातच ऑक्टोबरमध्ये एका कुंडीतले रोप माती ओली असूनही मलूल झाले आणि सहज ओढून पाहिले, तर मुळांशिवाय हातात आले. उरलेली कुंडी थंडीच्या भीतीने मी स्वयंपाकघरात आणून ठेवली आहे. या एका रोपापासून नवी रोपे खात्रीने कशी करावीत, आणि दुसरे रोप कशाने गेले असावे, हे कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद १

आपली पद्धत चुकलेली नाही, ती दुसऱ्या झाडाची आहे. आईंच्या कुंडीतले जिरॅनियम वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने पेलार्गोनियम असते. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये दोघांना एकाच प्रजातीत घातले होते, लेरिटिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने 1789 मध्ये ती वेगळी केली, पण बाजाराने जुने नाव काही सोडले नाही. (महाराष्ट्रात सुगंधी तेलासाठी शेतकरी जे जिरेनियम लावतात, तेही पेलार्गोनियमच.) पेलार्गोनियम मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतले. त्याच्या मांसल खोडात पाणी साठलेले असते, म्हणून कापलेली काडी सुकवून लावली तरी ती तग धरते. आपल्या ‘रोझॅन’च्या फांद्या मात्र केवळ त्या हंगामापुरत्या असतात. त्या जमिनीवर पसरतात, पण पेरांपाशी सहसा मुळे धरत नाहीत. नवा जीव असतो तो मातीलगतच्या बुडख्यात.

बियांची वाट पाहू नये, कारण ‘रोझॅन’ वांझ आहे. इंग्लंडमध्येच सॉमरसेटमधल्या एका बागेत सापडलेला हा संकर आहे, आणि त्याचे दोन्ही पूर्वज हिमालयातले : जिरॅनियम हिमालयेन्से आणि जिरॅनियम वॉलिशियानम. बी धरण्यात शक्ती खर्च होत नाही, हेही त्याच्या लांबलेल्या बहराचे एक कारण. 2013 साली लंडनच्या चेल्सी पुष्पप्रदर्शनाच्या शताब्दीनिमित्त लोकांनी ज्याला ‘शतकाचे रोप’ म्हणून कौल दिला, ते हेच.

मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये कोंब दोन-तीन इंच वर आले की बुडख्याभोवतीची माती बोटांनी अलगद बाजूला करावी. प्रत्येक कोंब धारदार सुरीने असा कापावा की तळाशी बुडख्याचा तपकिरी तुकडा राहील. निव्वळ हिरवा देठ घेतला तर पुन्हा जुलैचीच गत होईल. मोठी पाने काढून टाकावीत आणि निम्मी बारीक खडी घातलेल्या मातीत कोंब लावून कुंडी सावलीत ठेवावी. पेलार्गोनियमसारखे सुकवू नये. साधारण चार ते सहा आठवड्यांत मुळे धरतात. बुडखा चांगला पोसलेला असेल, तर सबंध गड्डा उपसून, प्रत्येक भागाला मुळे आणि किमान एक डोळा येईल अशा बेताने ठोंब पाडता येतात. परंतु आपल्याकडे एकच रोप उरले असल्याने मी तरी ते धाडस करणार नाही.

आणि ती कुंडी आजच बाहेर ठेवावी. हे झाड उणे दहाच्या खालची थंडीही सोसते. उबदार घरात मात्र त्याची विश्रांती मोडते आणि कोवळे, लुळे कोंब येतात. पाणी न साचणारी कुंडी असली म्हणजे झाले.

प्रतिसाद २

वरील माहितीशी सहमत आहे. मुळांशिवाय हातात आलेल्या रोपाबद्दल एवढेच सांगते की त्या कुंडीतली माती वर्तमानपत्रावर पसरून पाहावी. हुमणीसारखी वाकडी, पांढरट, तपकिरी डोक्याची, पण जेमतेम सेंटिमीटरभर लांब अळी दिसली, तर ते ‘वाइन वीव्हिल’ या सोंडकिड्याचे काम आहे. कुंडीतली रोपे ही अळी विशेष खाते. ती माती पुन्हा वापरू नये. येथे मिळणारे उपयुक्त सूत्रकृमी (या अळ्यांना मारणारे सूक्ष्म जंत) ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर या काळात, माती पाच अंशांपेक्षा उबदार असताना, पाण्यातून घालावेत. उरलेल्या कुंडीतही आधी शोध घ्यावा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. माती पसरली, तेव्हा चौदा अळ्या निघाल्या. उरलेल्या कुंडीत दोन होत्या, त्या वेचून रोप नव्या मातीत लावले आणि बाहेर ठेवले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बुडखा मोकळा केला, तर नऊ कोंब दिसले. त्यांतले पाच तपकिरी तुकड्यासह कापून लावले. आज सहाव्या आठवड्यात तीन कुंड्यांच्या तळाशी मुळे दिसत आहेत, चौथा कोंब हिरवा आहे. पाचवा काळा पडला. उपटून पाहिले तेव्हा त्याच्या तळाशी बुडख्याचा तुकडा नव्हताच.