अर्धा ग्लास मोजताना
स्वयंपाकात जिन्नस ग्लासने मोजताना 'एक ग्लास म्हणजे २०० मिली धरा' असा सल्ला दिला जातो. सगळं एकाच ग्लासने मोजत असाल तर ग्लास केवढा, याने फरक पडत नाही, प्रमाण तेच राहतं. अडचण येते ती एक जिन्नस ग्लासने आणि दुसरा ग्रॅममध्ये किंवा चमच्याने घेतल्यावर. त्यातून कपाचंही एकमत नाही: मेट्रिक कप २५० मिलीचा, अमेरिकन साधारण २३७चा, जपानी २००चा.

पण मला खरी काळजी वाटते ती 'अर्धा ग्लास'ची. बहुतेक ग्लास खाली निमुळते असतात. वर ७ सेंमी, तळाला ५ सेंमी रुंद आणि १० सेंमी उंच असा ग्लास (ही मापं आतली बरं का) काठोकाठ भरला तर साधारण २८५ मिली पाणी मावतं. निम्म्या उंचीपर्यंत मात्र जेमतेम १२०! खरा अर्धा हवा तर जवळजवळ ६ सेंमीपर्यंत भरावं लागतं. आणि काठाखाली एक सेंमी सोडलंत तर तिथेच ३७ मिली, म्हणजे अडीच मोठे चमचे कमी होतात.

ग्लास अगदी सरळ नळकांड्यासारखा असेल तर काठोकाठ भरून हळूहळू तिरपा करा. पाणी एका बाजूला काठाला आणि दुसऱ्या बाजूला तळाच्या कडेला टेकलं की बरोब्बर निम्मं उरतं. निमुळत्या ग्लासला हे चालत नाही. त्याला वजनकाटाच घ्या. रिकामा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा, पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिली. अर्ध्याची खूण पक्क्या शाईने बाहेरून करून टाका.