पन्नाशी आली म्हणून आतड्यात दुर्बीण घालायची का?

आळशी_ससा:
अमेरिकेत कुणी भाऊ-बहीण-मेहुणा असेल तर आपल्या पंचेचाळिशीनंतर त्याचा फोन येतोच, "काय रे, कोलोनोस्कोपी केलीस का?" म्हणजे गुदद्वारातून मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून बघणं. तिकडे 2021 पासून आतड्याच्या कॅन्सरचं स्क्रीनिंग (काही त्रास नसतानाच करायची तपासणी) वयाच्या 50 ऐवजी 45 ला सुरू करा असा सल्ला आहे आणि पैसे इन्शुरन्स भरतो, त्यामुळे त्यांना त्यात काही विशेष वाटत नाही. इकडे आपण गूगल करतो, घाबरतो आणि विषय सोडून देतो.

माझं म्हणणं असं की ज्याला काही त्रास नाही, घरात कुणाला हा कॅन्सर झालेला नाही, त्याने थेट दुर्बीण घालून घ्यायची गरज नाही, पण हातावर हात ठेवून बसणंही बरोबर नाही. पन्नाशीनंतर दर दोन वर्षांनी फिट टेस्ट करावी, म्हणजे शौचाच्या सॅम्पलमध्ये डोळ्याला न दिसणारं रक्त आहे का ते बघायचं, आणि ती पॉझिटिव्ह आली तरच कोलोनोस्कोपी. स्पेनमध्ये 50 ते 69 वयाच्या 57 हजारांवर लोकांत हाच सामना लावला होता, एका गटाला एकदाच कोलोनोस्कोपीचं बोलावणं, दुसऱ्याला दर दोन वर्षांनी फिट. 2025 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये 10 वर्षांचा निकाल आला. आतड्याच्या कॅन्सरने मृत्यू कोलोनोस्कोपी गटात 0.22 टक्के, फिट गटात 0.24. बरोबरीच झाली की. आणि बोलावल्यावर आले किती तर दुर्बिणीला 32 टक्क्यांच्या आसपास, फिटला 40. घरच्या घरी काडीने सॅम्पल घेणं लोकांना झेपतं, दुसरं काय.

बोला आता.

शंकासुर:
ससेबुवा, बरोबरी कुणाशी झाली ते बघा ना. त्या अभ्यासात काहीच न करणारा तिसरा गट नव्हता. तो होता नॉर्डिक नावाच्या अभ्यासात, 2022 साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आला तो, पोलंड नॉर्वे स्वीडन मिळून 84 हजारांवर माणसं, वय 55 ते 64. दर 10 हजारांचा हिशोब केला तर कोलोनोस्कोपीला बोलावलेल्यांत 10 वर्षांत 98 जणांना कॅन्सर, न बोलावलेल्यांत 120. मृत्यू 28 आणि 31, आणि एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. एक कॅन्सर टाळायला 455 जणांना आमंत्रणं! आणि हे युरोपात, जिथे हा आजार आपल्यापेक्षा कैक पटींनी जास्त आहे. मग इथे 455 चे किती हजार होतील? धडधाकट माणसाला धरून पेशंट करायचा उद्योग आहे हा.

बे_एरियातला_बाळू:
शंकासुरा, अर्धीच गोष्ट सांगतोयस. बोलावलेल्यांपैकी दुर्बीण घालून घेतली फक्त 42 टक्क्यांनी. पोलंडात तर तिघांत एकाने. पंगतीला जे बसलेच नाहीत त्यांना धरून स्वयंपाक कसा झाला ते ठरवणार का? ज्यांनी खरोखर करून घेतली त्यांचा वेगळा हिशोब त्याच पेपरात आहे, कॅन्सर 31 टक्क्यांनी कमी आणि मृत्यू निम्म्यावर.

आणि ससेभाऊ, फिट सापडवते ते रक्त. पॉलिप म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला आलेला कोंब, तो बऱ्याचदा रक्त गाळतच नाही. मी मागच्या वर्षी कोलोनोस्कोपी केली, एक पॉलिप होता, तिथल्या तिथे तारेच्या फासात धरून कापून काढला, मला पत्ताही नाही. फिटला तो दिसला असता का? आदल्या रात्री ते खारट पाणी ढोसायचं आणि बाथरूममध्ये मुक्काम, बस, तेवढाच काय तो त्रास.

शंकासुर:
बाळ्या, जे स्वतःहून तपासणीला येतात ते मुळात जास्त काळजी घेणारे, सिगरेट कमी ओढणारे, वजन सांभाळणारे असतात. म्हणून तो 'निम्म्यावर' आकडा कितीही जुळवाजुळव केली तरी अंदाजच राहतो. आणि तुझा पॉलिप काढला ते ठीक, पण बहुतेक पॉलिप जन्मात कॅन्सर होत नाहीत. तुझा झाला असता की नाही हे तुलाही माहीत नाही, त्या डॉक्टरलाही नाही. पण आता दर काही वर्षांनी तुला बोलावणं आहे की नाही? तेच म्हणतोय मी.

मीरा_लेस्टर:
इकडे इंग्लंडमध्ये 50 ते 74 वयाच्या सगळ्यांना दर दोन वर्षांनी फिटचं किट पोस्टाने घरी येतं, मागावंही लागत नाही. कमोडमध्ये पडायच्या आत कागदावर किंवा रिकाम्या डब्यात शौच धरायचं (श्रीखंडाचा डबा चालतो, हसू नका), बाटलीच्या झाकणाला एक काडी असते तिच्या टोकाला बारीक खाचा असतात, ती शौचावरून फिरवायची, खाचा भरल्या की पुरे, जास्त घ्यायचं नाही. काडी परत बाटलीत, तारीख लिहायची, तिकीट न लावता पोस्टात. माझ्या सासूबाईंनी पहिलं किट देवघराच्या खालच्या कपाटात ठेवून दिलं होतं, म्हणे असलं काही मी पोस्टमनच्या हातात देणार नाही. आशियाई घरांतून किट परत पाठवण्याचं प्रमाण इथे बाकीच्यांपेक्षा कमी आहे आणि का ते मला पुरतं कळलंय.

पण एक गोष्ट ससे यांनी सांगितली नाही. पॉझिटिव्ह कशाला म्हणायचं ही रेषा प्रत्येक देश आपली आपण ओढतो. स्कॉटलंडने सुरुवातीपासून शौचाच्या एका ग्रॅमला 80 मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन ठेवली, इंग्लंडने 120 वर सुरुवात केली, कारण रेषा खाली आणली की पॉझिटिव्ह वाढतात आणि तेवढ्या कोलोनोस्कोपी करायला माणसं कुठून आणायची.

डॉक_सांगलीकडचा:
सर्जन आहे, म्हणून लिहितो. तुमचं स्पेन-नॉर्वे वाचायला छान आहे हो, पण माझ्या ओपीडीत जो येतो त्याला स्क्रीनिंगची वेळ कधीच टळून गेलेली असते. शौचाला रक्त पडतंय सहा-सहा महिने, आणि वर कुणीतरी मूळव्याध म्हणून मलम दिलेलं. 'बिना ऑपरेशन मूळव्याध, भगंदर' असा बोर्ड नाही असा एक एसटी स्टँड दाखवा. क्षारसूत्र (आयुर्वेदातला औषधी दोरा) वगैरेबद्दल माझी तक्रार नाही, योग्य ठिकाणी उत्तम आहे ते. तक्रार ही की कुणी बोट घालून तपासलेलंच नसतं! गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ ग्लोव्हज घातलेल्या बोटाला लागते, मिनिटाचं काम आहे. पेशंट लाजतो, डॉक्टर कंटाळतो, आणि दोघं मिळून मूळव्याध ठरवतात. पुरुषाचं हिमोग्लोबिन 8 आलं तर लोहाच्या गोळ्या देतात, रक्त जातंय कुठे हे कुणी शोधत नाही.

टाटा मेमोरियलने आपल्या 800 पेशंटांचा अभ्यास छापलाय, सरासरी वय 47. आता पन्नाशीला फिट करा म्हणणाऱ्यांनी सांगावं, यातल्या निम्म्या लोकांना त्याचा काय उपयोग?

आळशी_ससा:
डॉक, बोटाबद्दल शंभर टक्के मान्य. पण 47 चा अर्थ तुम्ही लावताय तसा नाही. आपल्या देशात तरुणच जास्त आहेत, म्हणून कुठल्याही आजाराच्या पेशंटचं सरासरी वय इथे कमीच निघतं. शिवाय टाटापर्यंत लांबून धावपळ करत पोचणारा पेशंट सत्तरीच्या आजोबांपेक्षा चाळिशीचा असण्याची शक्यता जास्त. साठीतल्या माणसाचा धोका तिशीतल्यापेक्षा जास्त हे इथेही खरंच आहे.

डॉक_सांगलीकडचा:
असेल. पण 38 वर्षांच्या बाईला रक्त पडत असताना ती फिटचा रिपोर्ट घेऊन आली तर मला राग येतो. लक्षण आहे त्याला स्क्रीनिंग नाही, तपासणी लागते. आणि सख्ख्या नात्यात कुणाला असेल तर चाळिशीला किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात झाला त्याच्या 10 वर्षं आधी, जे आधी येईल तेव्हा, सरळ कोलोनोस्कोपी. तिथे शंकासुरांचं काही ऐकू नका.

चिकू_पुणे:
मधेच विचारते, मी दरवर्षी फुल बॉडी चेकअप करते त्यात सीईए ही रक्ताची टेस्ट असते, ती नॉर्मल आहे. मग फिट कशाला?

डॉक_सांगलीकडचा:
चिकूताई, सीईए ही कॅन्सर झालेल्या माणसाचा पुढचा पाठपुरावा करायची टेस्ट. सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये ती बऱ्याचदा नॉर्मल असते, आणि नुसत्या सिगरेटनेही वाढते. पॅकेजमध्ये का घालतात ते तुम्हीच ओळखा.

बे_एरियातला_बाळू:
इकडे आता रक्ताची वेगळी टेस्टही निघालीये, शील्ड नावाची, 2024 मध्ये एफडीएने, म्हणजे इकडच्या औषध खात्याने, मंजूर केली. कॅन्सर असेल तर 83 टक्के वेळा पकडते, पण कॅन्सर व्हायच्या बेतातले पॉलिप फक्त 13 टक्के. म्हणून मी म्हणतो दुर्बीण ती दुर्बीण.

गावरान_भाकरी:
एवढा काथ्याकूट कशाला? ज्वारीची भाकरी, पालेभाजी, ताक, रात्री इसबगोल. आपल्या आजोबांना कुणाला झाला होता हो हा कॅन्सर?

मीरा_लेस्टर:
आजोबांचं निदान कुणी केलं होतं का पण? भाकरी खाच, फायबर चांगलंच आहे, आणि सॉसेज-बेकनसारखं प्रोसेस्ड मांस कॅन्सर करतं असं जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या कॅन्सर संस्थेने 2015 मध्येच जाहीर केलंय. पण नुसतं खाण्यावर भागत नाही. 2025 मध्ये नेचरमध्ये 11 देशांतल्या 981 गाठींचा जनुकीय अभ्यास आला, त्यात आतड्यातल्या काही जिवाणूंच्या कोलिबॅक्टिन नावाच्या विषाच्या खुणा चाळिशीच्या आतल्या पेशंटमध्ये सत्तरीपुढच्यांपेक्षा 3.3 पट जास्त सापडल्या. ते विष बहुधा लहानपणीच काम करून जातं असा त्यांचा कयास आहे. भारत त्या 11 देशांत नाही, तरुणांना का होतोय हे आपल्याकडे कोण शोधणार देव जाणे.

नलूमावशी_डोंबिवली:
तुमचं सगळं व्हायच्या आधीचं चाललंय, झाल्यानंतरचं पण कुणी बोला. आमच्या ह्यांचं ऑपरेशन झालं, केमो संपली, आणि आता जो भेटायला येतो तो सांगतो आराम करा, जिना चढू नका, पिशवी उचलू नका. डॉक्टर म्हणतात चाला. कुणाचं ऐकायचं?

डॉक_सांगलीकडचा:
मावशी, डॉक्टरांचंच. 2025 मध्येच चॅलेंज नावाच्या अभ्यासाचा निकाल आलाय, मुख्यतः कॅनडा-ऑस्ट्रेलियातला. ऑपरेशन आणि केमो झालेले 889 पेशंट, निम्म्यांना व्यायामाची नुसती माहितीपुस्तिका, निम्म्यांना तीन वर्षं मागे लागून व्यायाम करायला लावला, म्हणजे आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास झपाझप चालणं असं काहीतरी. 8 वर्षांनी व्यायामवाल्यांत 90 टक्के जिवंत, पुस्तिकावाल्यांत 83. एखाद्या महागड्या औषधाने एवढं केलं असतं तर पहिल्या पानावर जाहिरात आली असती.

शंकासुर:
'मागे लागून' हे महत्त्वाचं आहे डॉक. त्यांना तीन वर्षं ट्रेनर होता. इथे केमोचं बिल भरून घर रिकामं झालंय, ट्रेनर कोण देणार? आणि स्नायू-सांधे दुखावल्याच्या तक्रारीही व्यायामवाल्यांत जास्त होत्या, तेही सांगा.

नलूमावशी_डोंबिवली:
ट्रेनर मी आहे. पोटाला स्टोमाची, म्हणजे शौच जमा व्हायची पिशवी आहे त्यांच्या, वर सैल बुशशर्ट घालतात आणि चालतात, निघायच्या आधी पिशवी रिकामी करायची एवढंच बघावं लागतं. भेटायला येणाऱ्यांनाच आता बागेत या म्हणते, चालता चालता बोला.

शंकासुर:
मावशी, तुमच्यापुढे आपण गप. पण ससेबुवा, मूळ मुद्द्याचं उत्तर राहिलंय. समजा अख्ख्या जिल्ह्याला फिट वाटलं, पॉझिटिव्ह आलेल्यांना दुर्बीण कोण घालणार? नांदेड, गडचिरोलीत? मूळव्याधीचं रक्त लागून पॉझिटिव्ह येणारे त्यात वेगळेच.

आळशी_ससा:
सरकारी योजनेचं मी बोललोच नाहीये. तिशीपुढच्यांसाठी तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा एवढ्या तीन कॅन्सरचं स्क्रीनिंग सरकारी कार्यक्रमात आहे, तेच गावागावांत धड होत नाही, आधी ते होऊ दे. मी बोलतोय ते दरवर्षी हजारो रुपयांची पॅकेजं घेणाऱ्या आपल्यासारख्यांबद्दल. त्यातून सीईए काढा आणि फिट घाला, खर्च बहुधा वाढणारही नाही.

शंकासुर:
मग वरती 'पॅकेज घेणाऱ्यांसाठी' असं लिहायचं होतं ना, मी निम्मं भांडलोच नसतो.

डॉक_सांगलीकडचा:
आणि उरलेलं निम्मं?

शंकासुर:
ते बाळ्याच्या पॉलिपसाठी राखून ठेवलंय.