मदत हवी आहे : वायर रोप आतून गंजतोय, लुब्रिकंट कोणतं घेऊ?

दोरवाला
नमस्कार मंडळी, थेट मुद्द्यावर येतो कारण वेळ नाहीये. आमचं छोटं युनिट आहे, वायर रोप बनवतो, जास्त करून १२ आणि १४ एमएम. ट्रॉलरच्या विंचसाठी दिलेले रोप नोव्हेंबरपासून परत यायला लागलेत. बाहेरून बघाल तर रोप एकदम झकास, हाताला तेल लागतं, पण पीळ उघडला की आतून भुकटी पडते. परवा रत्नागिरीचा एक तांडेल हातभर तुकडा कापून घेऊन आला आणि माझ्या टेबलावर ठेवला. मधला कोअर मी बोटांनी चोळला तर वाळल्या गवतासारखा तुटत होता. तो माणूस काही बोलला नाही, नुसता बघत बसला, मला फार वाईट वाटलं. लुब्रिकंट चांगल्या कंपनीचंच वापरतो, त्यात कंजुषी नाही. आता ग्रेड बदलायचाय, कोणता घेऊ? ग्राफाइटवालं चालेल का? कृपया लवकर सांगा, पुढची ऑर्डर अडकून पडलीय.

मिस्त्री_इचलकरंजी
अहो दोरवाले, असं नुसतं वायर रोप म्हटल्यावर काय कळणार? काळा की जीआय, म्हणजे जस्त चढवलेला? ६×१९ की ६×३६, म्हणजे सहा लडी आणि लडीत १९ तारा की ३६? कोअर सिसलच्या वाखाचा, पीपीचा (प्लास्टिकचा) की स्टीलचा? आणि लुब्रिकंट कुठल्या मशीनवर, कुठल्या जागी लावता? हे सांगितल्याशिवाय ग्रेड सांगणं म्हणजे पेशंट न बघता गोळी देणं.

जुना_फिटर
एवढं डोकं कशाला लावताय. आमच्या साखर कारखान्यात ऊस उतरवायच्या क्रेनचे रोप होते, सीझन सुरू व्हायच्या आधी जळक्या ऑइलच्या पिंपात दोन दिवस बुडवून ठेवायचे आणि मग चढवायचे. तीस वर्षं हेच केलं. फुकटचं काम, आणि आतपर्यंत मुरतं.

डेकवरून
@जुना_फिटर काका, मान ठेवून सांगतो, हे कुणाला सांगू नका. जळक्या ऑइलमध्ये इंजिनातलं आम्ल असतं, धातूचे कण असतात. म्हणजे तारा एकमेकींवर घासतात तिथे तुम्ही स्वतःच्या हाताने पॉलिश पेपर घालताय. वर ते पातळ असल्यामुळे कारखान्यातून निघालेलं मूळ लुब्रिकंट धुऊन काढतं. मी ऑफशोअरला, मुंबई हायला बरीच वर्षं क्रेनवर काढलीत. आमच्याकडे प्रेशर लुब्रिकेटर होता, रोपभोवती बसणारा दोन फाकांचा डबा असतो, त्यातून ग्रीस दाबाने आत जातं. दोरवाले, तुम्ही बोटवाल्यांना तो घ्यायला सांगा, प्रश्न सुटला.

जुना_फिटर
आमचा एकही रोप ऑइलमुळे तुटलेला नाही. तुमच्या क्रेनला कंपनी पैसे देते, बोटवाल्याला कोण देणार?

दोरवाला
मंडळी, मी बनवतानाचं विचारतोय, वापरतानाचं नाही. बोटवाल्यांनी काय लावायचं हा नंतरचा विषय. रोप जीआय आहे, ६×१९ सील मांडणीचा, तारेच्या ताकदीचा ग्रेड १७७०, कोअर सिसल. ट्रॉलला जीआयच लागतो म्हणून लिहिलं नव्हतं. आता तरी लुब्रिकंटचा ग्रेड सांगा.

खाणीतला_माणूस
ग्रेडचं राहू द्या जरा. मी चंद्रपूरकडे कोळसा खाणीत वाइंडिंग इंजिनवर होतो. तिथे दर सहा महिन्यांनी रोपचं कॅपिंग, म्हणजे टोकाची पकड, कापून नवीन करायचा नियम आहे, आणि कापलेला तुकडा आम्ही लड लड सुटी करून बघायचो. रोप बाहेरून बोलत नाही, आतून बोलतो. पुलीवरून प्रत्येक वेळी वाकताना आतल्या तारा एकमेकींवर किंचित सरकतात, बोटवाल्याच्या विंचवर दिवसात किती वेळा ते होत असेल बघा. तिथे तेलाचा थर नसला की घासून बारीक लाल भुकटी होते. पण जीआय असेल तर आधी जस्त जातं आणि पांढरी भुकटी दिसते. म्हणून विचारतो :
भुकटी पांढरी की लाल? कोअरला लागून होती की लडीच्या आतल्या तारांमध्ये? आणि तो माल बनवला कधी?
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी द्या.

पीपी_वापरा
सिसल सोडा. समुद्रावरच्या रोपला सिसल म्हणजे स्पंज. पीपी कोअर पाणी पीत नाही, कुजत नाही. आमचे सगळे मरीन रोप पीपीवर आहेत, एक तक्रार नाही.

मिस्त्री_इचलकरंजी
@पीपी_वापरा पाणी पीत नाही तसं तेलही पीत नाही ना. सिसलचं काम फक्त लडींना आधार द्यायचं नाही, ते तेलाचं कोठार आहे. रोपवर ताण आला की कोअर दाबला जातो आणि थोडं थोडं तेल आतून बाहेर लडींमध्ये येतं. पीपीत ते कोठारच नाही, मग लडींमध्ये भरलेलं लुब्रिकंट संपलं की संपलं. पीपी वापरायचा तर स्ट्रँडिंगचं, म्हणजे तारा पिळून लड बनवतानाचं, लुब्रिकेशन दुप्पट नीट पाहिजे, आणि यांचं तेच बिघडलंय असं मला वाटतं.

पीपी_वापरा
कोठार कोरडं असेल तर काय उपयोग? वरती गवतासारखा तुटतोय लिहिलंय त्यांनी. वाचा नीट.

स्कूटर_मालक
चांगला धागा. माझ्या स्कूटरची मागची ब्रेक केबल पावसाळ्यात जाम होते, त्यात पण आत तारच असते ना? कव्हरच्या तोंडातून शिलाई मशीनचं तेल सोडलं तर दोन महिने चालते. फक्त खोबरेल सोडू नका, थंडीत गोठतं. कुणाला उपयोग झाला तर बघा.

तारओढ
लुब्रिकेशन म्हणजे फक्त रोपवरचं ग्रीस असं सगळे धरून चाललेत म्हणून लिहितो. मी वायर ड्रॉइंगमध्ये आहे. साडेपाच एमएमचा रॉड डायमधून (बारीक भोकाच्या साच्यातून) ओढत बारीक करतो तेव्हा प्रत्येक डायच्या आधी साबणाची पेटी असते, कॅल्शियम किंवा सोडियम स्टिअरेटची पावडर, तार त्यातून जाते. तो साबण नसेल तर डाय खाल्ली जाते आणि तारेवर ओरखडे पडतात, पुढे थकून तुटायची सुरुवात नेमकी त्या ओरखड्यापासून होते. म्हणजे रोपचं आयुष्य तिथूनच ठरायला लागतं. पण तोच साबण तारेवर जाड राहिला तर स्ट्रँडिंगचं लुब्रिकंट तारेला नीट धरत नाही. आणि रॉडवर बोरॅक्स असेल तर पावसाळ्यात तो हवेतलं पाणी ओढून घेतो. दोरवाले, तार स्वतः ओढता का विकत घेता?

दोरवाला
@तारओढ तार विकत घेतो, जीआय. बोरॅक्सचा संबंध नाही.
@खाणीतला_माणूस कोअरला लागून पांढरी होती, चिकट कणीसारखी, आणि लडीच्या आत लाल. माल जून-जुलैत बनवला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, १ ऑगस्टला बोटी बाहेर पडतात, सगळ्यांना रोप तेव्हाच हवा असतो, मग जूनपासून आमच्या मशीन थांबतच नाहीत. दरवर्षी असंच करतो. यंदाच असं का झालं ते कळेना.

खाणीतला_माणूस
झालं. सिसलची बंडलं ठेवता कुठे? जमिनीवर?

घायपात
विषय सिसलचा निघालाय म्हणून सांगतो, सिसल म्हणजे आपल्या बांधावरचं घायपातच की, त्याचेच भाऊबंद. आमच्या गावात पानं पाण्यात कुजवून, बडवून वाख काढायचे आणि त्याच्या दोऱ्या, कासरे, दावी वळायचे. आमचे आजोबा म्हणायचे वाख उन्हात कडकडीत वाळल्याशिवाय पीळ घालायचा नाही, नाहीतर आतून काळा पडतो आणि ऐन वेळी दगा देतो. पोळ्याला नवीन कासरे लागायचे, पण त्याचा वाख उन्हाळ्यातच वाळवून माळ्यावर टाकलेला असायचा. पावसाळ्यात वाख कुणी काढतच नसे. आता नायलॉन आलं आणि ते सगळं गेलं, वाख कसा काढतात ते माझ्या मुलांनी पाहिलेलंसुद्धा नाही.

खाणीतला_माणूस
@घायपात तुमच्या आजोबांनी या धाग्याचं अर्धं उत्तर दिलंय.
दोरवाले, ओला सिसल गरम लुब्रिकंटमधून काढलात की वरून तेलाचं आवरण बसतं आणि पाणी आत कोंडतं. तेल आत जायला जागाच उरत नाही. मग तो कोअर सहा लडींच्या मध्ये बंद होतो आणि आतून जस्त खायला लागतो. म्हणजे समुद्राचं पाणी लागायच्या आधीच रोप आजारी आहे.

दोरवाला
बंडलं जमिनीवर नाहीत, पॅलेटवर असतात. पण यंदा शेडची मागची बाजू उघडी होती, पत्रे बदलायचे होते. ते लक्षातच आलं नाही. तरी पण लडीच्या आत लाल का? तिथे तर सिसल नाही.

मिस्त्री_इचलकरंजी
तेच तर पहिल्यापासून विचारतोय आणि तुम्ही उत्तर देत नाही. स्ट्रँडिंगला लुब्रिकंट तारा आवळून लड करणाऱ्या डायच्या आधी की नंतर?

दोरवाला
नंतर. आधी ओतलं की डायपाशी सगळं सांडतं, जमीन घाण होते आणि ऑपरेटर घसरतो, म्हणून दोन वर्षांपूर्वी नळी पुढे घेतली. क्लोजिंगला, म्हणजे कोअरभोवती सहा लडी वळताना, पण वरून लावतो.

मिस्त्री_इचलकरंजी
दादा, इथेच सगळं आहे. ६×१९ सीलमध्ये मधली एक तार, तिच्याभोवती नऊ, त्यांच्यावर नऊ, आणि या एकोणीसच्या एकोणीस तारा एकाच फेरीत, एकाच डायमध्ये जवळ येतात. डायच्या तोंडाशी त्या छत्रीच्या काड्यांसारख्या उघड्या असतात, तेवढा क्षणभरच आतली तार दिसते. तिथे गरम लुब्रिकंटची धार पाहिजे, इतकी की डायमधून जास्तीचं पिळून बाहेर पडलं पाहिजे. तार डायमधून गेली की दार बंद. नंतर वरून कितीही ओता, बाहेरच्या नऊ तारांच्या पाठीला लागतं, आत कोरडं. बाहेरून झकास आणि आत भुकटी का, ते आता कळलं असेल. बोटवाला नंतर किती जरी ग्रीस फासेल, आतल्या नऊ तारांपर्यंत तो काय पोचणार नाही. त्यांना तेल द्यायची संधी आयुष्यात एकदाच येते आणि ती तुमच्या मशीनवर येते. सांडतं त्याला खाली ट्रे लावा, पंपाने परत टाकीत घ्या, पण नळी मागे आणा.

डेकवरून
हे मान्य. प्रेशर लुब्रिकेटरने पण सुकलेला कोअर परत जिवंत होत नाही, ते मी आधी लिहायला हवं होतं. दुसरं, ग्राफाइटचं कुणी उत्तर दिलं नाही. समुद्रावर ग्राफाइट नको. खाऱ्या पाण्यात ग्राफाइट आणि जस्त एकत्र आले की बॅटरीसारखा प्रकार होतो आणि जस्त लवकर जातं.

तारओढ
आणि तापमान? टाकीचं नाही, धारेचं. अशी लुब्रिकंटं थंड झाली की मेणासारखी घट्ट होतात, तारांच्या फटीत शिरतच नाहीत, नुसती वर बसतात. माप घेताना आयआर गन चकचकीत जीआय तारेवर धरू नका, चुकीचं दाखवते. साधा थर्मामीटर धारेत धरा.

जुना_फिटर
आमच्या पिंपात पण रोप गरम ऑइलमध्येच टाकायचो, चूल पेटवून. गरम पाहिजे एवढं तरी मी बरोबर सांगितलं.

लिफ्टवाला
लिफ्टच्या रोपला मात्र असं भरपूर तेल देऊ नका हां. तिथे पुलीच्या खाचेत घर्षणावरच लिफ्ट चालते, तेल जास्त झालं तर रोप घसरतो. त्यासाठी आयएस २३६५ हे भारतीय मानक वेगळं आहे.

दोरवाला
लिफ्टचे रोप आम्ही बनवत नाही.
आज सकाळी दोन गोष्टी केल्या. सिसलचा १०० ग्रॅमचा तुकडा वेल्डिंग रॉड सुकवायच्या ओव्हनमध्ये १०५ डिग्रीला ठेवला, वजन स्थिर होईपर्यंत. ८४ ग्रॅम भरला. आणि हा आता पाऊस संपल्यावरचा, जुलैत काय असेल देव जाणे. दुसरं, टाकीचा काटा ८५ डिग्री दाखवतो, पण नळी चार मीटर उघडी आहे आणि धारेत थर्मामीटर धरला तर ५८. दोन वर्षं मी तो टाकीचा काटा बघून वहीत ८५ लिहितोय.
कोठीत पडलेली जुलैची एक कॉइलही उघडली, अजून कुणालाच न दिलेली. मधली तार कोरडी. बोट फिरवलं तर बोट स्वच्छ.

मिस्त्री_इचलकरंजी
बरं झालं उघडलीत. नळीला हीटिंग टेप आणि वर ग्लासवूल. सिसल आधी गरम खोलीत सुकवा आणि गरम असतानाच तेलात घाला, गार होऊ देऊ नका, नाहीतर परत दमट हवा ओढतो. आम्ही कोअरमध्ये तेल वजनाच्या १२ ते १५ टक्के धरतो, प्रत्येक लॉटचं आधी आणि नंतरचं वजन करून. ग्रेड तोच ठेवा, फक्त पुरवठादाराकडून त्याचा ड्रॉप पॉइंट (किती तापमानाला पातळ होऊन थेंब पडतो) आणि खाऱ्या पाण्यातल्या टेस्टचा कागद मागून घ्या.

पीपी_वापरा
आणि एक कॉइल पीपीवर करून त्याच तांडेलाला द्या. एकाच बोटीवर एका बाजूला सिसल, एका बाजूला पीपी. मार्चमध्ये दोन्ही उघडा, मी पण बघायला येतो.

दोरवाला
@पीपी_वापरा हे करतो, नक्की. नळी आजच मागे घेतली, ट्रे उद्या बसेल. तांडेलाला फोन केला, दोन्ही कॉइल बदलून देतोय, जुलैचा बाकीचा माल ज्यांच्याकडे गेलाय त्यांनाही कळवायला सुरुवात केलीय. ऑर्डर दहा दिवस पुढे ढकलली. नवीन लड उघडून फोटो टाकतो.

खाणीतला_माणूस
मधल्या तारेचा टाका. आणि कोअर कापसावर दाबून, कापसासकट.