ग्राफीनचे पेपर बास झाले, सेन्सर कधी देणार?

शिरोलीकर:
वीस वर्षं झाली, ग्राफीन ग्राफीन ऐकतोय. कार्बनचा अणूएवढा पातळ थर, स्टीलपेक्षा मजबूत. बरं मग? माझ्या फाउंड्रीत क्युपोलाजवळचा, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीजवळचा, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म अजून बाहेरनंच मागवतोय. प्रोफेसर लोकांनी एक तरी सेन्सर आमच्या शॉपवर लावून दाखवावा, नाहीतर पेपर छापायचं बंद करावं.

पातळथर:
दादा, सकाळपासनं हे वाक्य डोक्यातनं जात नाही. २००४ ला गाइम आणि नोव्होसेलोव यांनी चिकटपट्टीनं ग्रॅफाइटचा थर सोलला, २०१० ला नोबेल मिळालं, लोकांना वाटलं आता चिपसुद्धा ह्याचीच. पण ग्राफीनला बँडगॅपच नाही, म्हणजे करंट अडवायला लागणारी ऊर्जेची फटच नाही, ट्रान्झिस्टर नीट बंदच होत नाही, म्हणून आमच्यासारखे संशोधक मॉलिब्डेनम डायसल्फाइड ह्या तसल्याच पातळ पदार्थाकडं वळले. त्याच्या एका थराला साधारण १.८ इलेक्ट्रॉन व्होल्टचा गॅप आहे. एवढा पातळ की सगळा पदार्थ म्हणजे पृष्ठभागच, गॅसचा रेणू येऊन बसला की रेझिस्टन्स बदलतो. पण हवेतली वाफ पण तिथंच बसते ना! आम्ही एका कारखान्यात सेन्सर लावला होता. मे महिन्यात बेसलाइन, म्हणजे गॅस नसतानाचं रीडिंग, सरळ रेघ. मृगाचा पाऊस लागला आणि गॅस नसताना रेघ सरकायला लागली, उघडून बघितलं तर जाळीवर मोल्डिंगच्या काळ्या वाळूचा थर. मी अजून एक पावसाळा मागितला. मालक म्हणाले, पंधरा दिवसात फायनल करा. आठवड्यानं सेन्सर प्लास्टिकच्या पिशवीत परत आला, वायर कापून.

उद्यमनगर_टर्नर:
ताई, वायर कापली हे चूकच. पण माझं पण ऐका. एका कॉलेजला सेन्सर टेस्टिंगचा चेंबर करून दिला, स्टेनलेस स्टीलचा, ओ-रिंगसकट. कोटेशन तीनदा मागितलं, बिल चौदा महिन्यांनी निघालं, मधे सर बदलले. कोलॅबरेशनच्या मीटिंगला मला कोण बोलवत नाही, चेंबर लीक झाला की फोन मात्र मलाच.

राजारामपुरी_७वी_गल्ली:
म्हणून तर पोरं कोरियाला जातात. मी चार वर्षं पोस्टडॉक केला तिथं, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन. कंपनीचा इंजिनिअर दर आठवड्याला आमच्या लॅबमध्ये बसायचा, सॅम्पल फेल गेलं तर का फेल गेलं ते वहीत लिहून न्यायचा. इथं फेल गेलेलं कोणाला बघायचंच नसतं.

शिरोलीकर:
कोरियाचं कौतुक तिथंच राहून करा. फेलोशिप इथल्या टॅक्सच्या पैशातली आणि अक्कल तिकडं वापरली.

राजारामपुरी_७वी_गल्ली:
परत आलोय मी, साहेब! आई एकटी होती म्हणून आलो. दोन वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय, सुट्टीत पगार शून्य. तुमच्या शॉपमध्ये फिजिक्सच्या पीएचडीला जागा आहे का सांगा, उद्या येतो.

पातळथर:
माझ्या बॅचमधले तिघं अजून तिकडंच आहेत, दिवाळीला व्हिडिओ कॉलवर भेटतात. त्यांना बोल लावू नका. आणि दादा, तुम्ही गॅसच चुकीचा मागताय. कार्बन मोनॉक्साइड शुद्ध ग्राफीनला धड चिकटतच नाही. त्याला इलेक्ट्रोकेमिकल सेल नाहीतर तापवलेला टिन ऑक्साइड, तेच चालू द्या. तुमच्याकडं कोल्ड बॉक्सचा कोअर शॉप आहे का, साच्यातले वाळूचे गाभे गॅस सोडून घट्ट करतात तो? तिथला तो गॅस, अमाइन, आमचा थर पटकन पकडतो, रूम टेंपरेचरला. फक्त सोडायला वेळ लावतो, ते आम्हाला सुधारायचंय.

शिरोलीकर:
आहे. सुक्या बोंबलासारखा वास, कामगारांचे डोळे चुरचुरतात. हे आधी कोण बोललं नाही मला. पावसाळाभर जागा देतो, लाईट देतो. पण वास मारायला लागला आणि तुमची रेघ हलली नाही तर काढून टाकणार. आणि नोकरीचं मी काय शब्द देत नाही.

राजारामपुरी_७वी_गल्ली:
मागितला पण नव्हता. रीडिंग घ्यायला मी येतो.

उद्यमनगर_टर्नर:
वाळू आत जाणार नाही असं केसिंग करतो. ह्या वेळी निम्मे पैसे आधी.